रोबोट, दुर्बीण की पोट उघडून? : वाचकांचे प्रश्न आणि सर्जनची उत्तरे

प्रश्न : माझ्या आईचे वय 62 आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखते म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात खडे असल्याचे आढळले. एका सर्जनांनी रोबोटिक शस्त्रक्रिया सुचवली आहे, तर दुसऱ्यांच्या मते साध्या दुर्बिणीने काम भागेल. दोन्हींच्या खर्चात बराच फरक आहे. पैसे वाचवण्यापायी आईच्या बाबतीत काही कमी पडायला नको, असे आम्हा भावंडांना वाटते. काय करावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : दुर्बिणीची शस्त्रक्रिया निवडल्याने आईच्या बाबतीत काहीही कमी पडणार नाही. पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याची पहिली शस्त्रक्रिया 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी केली आणि आपल्याकडे ती 1990 मध्ये मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. तेव्हापासून ही पद्धत इतकी रुळली आहे की पित्ताशयाच्या खड्यांसाठी आज जगभर तीच प्रमाण मानली जाते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा केली जाते, बेंबीजवळून कॅमेरा आत जातो आणि बहुधा आणखी तीन छोट्या छिद्रांतून अवजारे जातात. गुंतागुंत नसेल तर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करतो, हा समज अजूनही टिकून आहे आणि जाहिराती तो फारसा दूर करत नाहीत. प्रत्यक्षात सर्जन थोड्या अंतरावरील कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या यंत्रासमोर, बसून यंत्राचे हात चालवतात. त्रिमितीय चित्र, मनगटासारखी वळणारी अवजारे आणि हाताचा कंप गाळण्याची सोय हे त्याचे खरे गुण आहेत. ओटीपोटाच्या खोल, अरुंद भागात बारीक टाके घालायचे असतात तेव्हा, उदाहरणार्थ प्रोस्टेटच्या कर्करोगात, हे गुण कामी येतात. पित्ताशय काढताना मात्र असे टाके सहसा घालावेच लागत नाहीत आणि छिद्रेही दोन्ही पद्धतींत साधारण तेवढीच असतात. म्हणून येथे रोबोटचा वेगळा लाभ दाखवणे कठीण आहे. अमेरिकेतील मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण रोबोटिक गटात 0.7 टक्के, तर दुर्बिणीच्या गटात 0.2 टक्के आढळले. हा अभ्यास जुन्या नोंदींवर आधारलेला असल्याने त्यावरून यंत्राला दोषी ठरवता येणार नाही, परंतु जास्त पैसे मोजले म्हणजे जास्त सुरक्षितता मिळते, हे गृहीतक त्यातून नक्कीच ढासळते.

तेव्हा यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या हातांची चौकशी करावी. सर्जन अशा किती शस्त्रक्रिया करतात, आपल्या आईच्या बाबतीत रोबोटने नेमके काय वेगळे साधणार आहे आणि दाह किंवा चिकटलेल्या ऊतींमुळे अडचण आली तर पोट उघडण्याची त्यांची तयारी आहे का, हे संकोच न करता विचारावे. ऐन वेळी पोट उघडण्याचा निर्णय घेणारा सर्जन अपयशी नव्हे, सावध असतो. याशिवाय खडा मुख्य पित्तनलिकेत उतरला आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. यकृताच्या रक्तचाचण्यांत शंका आली तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) तपासणी करतात आणि खडा असल्यास तो बहुधा एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे नळी घालून, काढतात. शस्त्रक्रियेची वाट पाहत असताना ताप, थंडी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या भूलतज्ज्ञांना आधीच सांगाव्यात; स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

मेडिक्लेम असल्यास पॉलिसी बारकाईने वाचावी. विमा नियामकाच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट नाकारण्यास मनाई केली, पण कंपनीला तिच्यासाठी खर्चाची वेगळी मर्यादा घालण्याची मुभा दिली. तुमच्या पॉलिसीत अशी मर्यादा असेल तर ती कॅशलेस मंजुरीच्या वेळी कळण्याऐवजी आताच कळलेली बरी.

प्रश्न : दुर्बिणीने हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झाले. पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखतो. हे हृदयाचे तर नाही ना?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : बहुधा नाही. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) ताणले जाते व चुरचुरते आणि त्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूमुळे ती वेदना खांद्यात जाणवते. वायू शोषला गेला की काही दिवसांत ती जाते. हळूहळू चालणे आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके पुरतात. मात्र छातीत दडपण, धाप, घाम किंवा डाव्या हातात कळ असेल तर ही वेदना वायूची समजून घरी थांबू नये.

प्रश्न : माझ्या मावशीला गर्भाशयमुखाचा प्राथमिक अवस्थेतील कर्करोग आहे. परळच्या डॉक्टरांनी पोट उघडूनच शस्त्रक्रिया करू असे सांगितले. एवढ्या सोयी असताना जुनी पद्धत कशासाठी?
– एक वाचिका, दादर

उत्तर : डॉक्टरांच्या सल्ल्याला भक्कम आधार आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा 631 रुग्णांना चिठ्ठी काढावी तसे दोन गटांत विभागले होते. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्या गटात 96.5 टक्के होते, तर दुर्बीण किंवा रोबोट वापरलेल्या गटात ते 86 टक्के भरले. लहान छेदाचे आकर्षण मलाही, सर्जन म्हणून, आहे. पण येथे व्रण लहान राहावा म्हणून रोग परतण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही. हा निष्कर्ष गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गर्भाशय आणि भोवतालच्या ऊती काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेपुरता आहे. फायब्रॉइडसाठी (गर्भाशयातील कर्करोग नसलेल्या गाठींसाठी) गर्भाशय काढायचे असेल तर दुर्बिणीचा पर्याय खुला राहतो, त्यामुळे शेजारच्या कुणाचे ऑपरेशन दुर्बिणीने झाले, याची तुलना मावशीशी करू नये.