लग्नाच्या शूटिंगला ड्रोन उडवायला परमिशन लागते का, आणि वर एवढे ड्रोन झाले तर ट्रॅफिक कोण सांभाळणार?

आधी जागा बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (नकाशावरचा हिरवा, मोकळा भाग) ४०० फुटांपर्यंत वेगळी परमिशन लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर येते, त्याच्यावर गेलात की यलो झोन, म्हणजे एटीसीची (विमानांची वाहतूक सांभाळणारा कंट्रोल) परवानगी हवीच. रेड झोनला, म्हणजे बंदीच्या भागात, केंद्र सरकारची. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन वेबसाइटवर नकाशा आहे, सुपारी घ्यायच्या आधी तो बघाच, कारण हॉल बऱ्याचदा नेमका विमानतळाजवळच असतो! शिवाय मुंबईत पोलीस अधूनमधून बंदीचे आदेश काढतात, तेही चेक करा.

तुम्ही पैसे घेऊन शूट करणार, त्यामुळे ड्रोन २५० ग्रॅमच्या वर असेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट (ड्रोन उडवायचं लायसन्स) लागणारच, रजिस्ट्रेशन नंबर तर हवाच. दंड १ लाखापर्यंत होऊ शकतो.

ट्रॅफिकचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने त्यासाठी वेगळं धोरण आणलं, कारण एटीसीवाले माणसं बसवून रेडिओवर बोलून विमानं सांभाळतात, हजारो ड्रोनना ते कसं पुरणार, म्हणून हे काम बरंचसं सॉफ्टवेअरने करायचं असं त्यात आहे. ती व्यवस्था सुरू होईपर्यंत हेलिकॉप्टर दिसलं की ड्रोन लगेच खाली घ्या, वाट नेहमी त्याचीच, आत माणसं असतात हो.