मे महिन्यात कळलं होतं, मग डिसेंबर उजाडला तरी पत्र का नाही?

डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या एका मराठी वाचकाने लिहिलं आहे. मार्चमध्ये त्यांनी ४६,००० डॉलरचा फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेतला. घरी हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला, पिकअप आधीपासून होता. सेल्समनने पिकअपचं मॉडेल विचारून घेतलं आणि संध्याकाळी टेक्स्ट पाठवला, 'तुमच्या ट्रकला हा ट्रेलर आरामात झेपेल.' मे अखेरच्या सुट्टीत मुलाबाळांसह पालो ड्युरो कॅन्यनला निघाले. यूएस २८७ वर ट्रकचा मागचा भाग खाली बसला, पुढची चाकं हलकी पडली, वारा आला की स्टिअरिंग हाताला लागेना. कॅम्पग्राउंडवर शेजारच्या गृहस्थांनी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळ्या पट्ट्याचं, ट्रकवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते सांगणारं स्टिकर दाखवलं, तेव्हा काय झालंय ते कळलं. तेव्हापासून सात महिने डीलरला फोन चालू आहेत. आता तो सेल्समन नोकरी सोडून गेलाय आणि मॅनेजर म्हणतो, ट्रेलरमध्ये काही दोषच नाही. वाचकांचे प्रश्न दोन: लेमन लॉखाली, म्हणजे सदोष नव्या वाहनांच्या कायद्याखाली, ट्रेलर परत करता येईल का? आणि तोवर कर्जाचे हप्ते थांबवू का?

अशी पत्रं मला सारखी येतात. ट्रेलर बदलतो, गाव बदलतं, बाकी मजकूर तोच. म्हणून लेमन लॉ आणि 'तीन दिवसांत माल परत करता येतो' हा नेहमीचा समज, हे दोन्ही विषय दोन वाक्यांत संपवते. टेक्सासचा लेमन लॉ नव्या ट्रेलरना लागू होतो, पण तो दुरुस्त न होणाऱ्या दोषासाठी आहे, आणि तुमचा ट्रेलर खरोखरच धड आहे. डीलरच्या आवारात जाऊन केलेल्या खरेदीला तीन दिवसांची मुदत कधीच नव्हती.

मग बिघडलं कुठे? आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नसे. बैल किती ओढतो हे वेगळं आणि त्याच्या मानेवर जू किती दाबतं हे वेगळं. गाडी धुरजड झाली की बैल कितीही ताकदीचा असो, बसतो. जाहिरातीतला ११,५०० पौंडांचा टोइंगचा आकडा म्हणजे ओढण्याची ताकद. कंपन्या तो ज्या प्रमाणपद्धतीने काढतात, त्यात ट्रकमध्ये दीडदीडशे पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. फिफ्थ-व्हीलचा किंगपिन, म्हणजे जोडणीची खुंटी, ट्रकच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर बसतो आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तिथे दाबतो. तुमचा ट्रेलर पूर्ण भरल्यावर ११,००० पौंड, म्हणजे पिनवर २,२०० आले. हिचचे, म्हणजे हौद्यातल्या जोडणीच्या सांगाड्याचे, १५० आणि चार माणसांचे ६०० धरा. झाले २,९५०. तुम्ही मला पाठवलेल्या फोटोतल्या स्टिकरवर आकडा आहे १,६४०. तेराशे पौंड जास्त! तो स्टिकर ट्रक घेतल्या दिवसापासून तुमच्या दारावर आहे. सही करण्याआधी दार उघडून तो एकदा वाचला असता, तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. राग मानू नका. डीलरचा वकील हाच प्रश्न तुम्हाला शपथेवर विचारणार आहे, म्हणून तो आधी माझ्याकडून ऐका.

आता मुद्द्याचं. तुमच्या प्रकरणात सगळं अवलंबून आहे टेक्सास बिझनेस अँड कॉमर्स कोडच्या कलम २.६०७ मधल्या एका वाक्यावर. माल स्वीकारल्यानंतर त्यात करारभंग आहे असं ग्राहकाला कळलं, किंवा कळायला हवं होतं, तेव्हापासून वाजवी वेळेत त्याने विक्रेत्याला तसं कळवलं पाहिजे. नाही कळवलं तर त्याचे सगळे उपाय बंद होतात. दावा लावायला कलम २.७२५ चार वर्षं देतं, ते वाचून लोक निर्धास्त बसतात. पण वेळेत कळवलेलंच नसेल तर त्या चार वर्षांचा काही उपयोग नाही.

'वाजवी वेळ' म्हणजे किती दिवस हे कायद्यात लिहिलेलं नाही. माल कोणता, दोष कसला, मधल्या काळात दोघांनी काय केलं, यावर ते ठरतं. तुमचं घड्याळ मार्चमध्ये नव्हे, मे अखेरीला सुरू झालं, कारण स्टिकर पाहिल्याचं तुम्ही स्वतःच लिहिता. सात महिने जास्त आहेत का? मेमध्ये केलेला पहिला फोन सिद्ध करता आला, तर तुमची बाजू उभी राहू शकते. कळवणं लेखीच हवं असं हे कलम म्हणत नाही. पण फोनच्या बिलावर फोन केल्याची नोंद असते, काय बोललात त्याची नसते. आणि 'ट्रक जरा बसतोय, बघा काहीतरी' अशी नुसती कुरकुर कोर्टात पुरत नाही. व्यवहारात नेमकं काय चुकलं हे विक्रेत्याला समजलं पाहिजे. तुम्ही ज्याच्याशी बोलत होतात तो सेल्समन आता तिथे नाही. एक ई-मेल, चार ओळींची, जूनमध्ये गेली असती तर मी आज इतकी तळमळून लिहीत बसले नसते.

म्हणून हा लेख खाली ठेवा आणि या आठवड्यात पत्र पाठवा. सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह, डीलरच्या नोंदणीकृत पत्त्यावर. त्यात खरेदीची तारीख, ट्रेलरचा आणि ट्रकचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक), सेल्समनच्या टेक्स्टचा स्क्रीनशॉट, मेपासून कधी कोणाशी बोललात ती यादी, आणि वजनाचे आकडे. आकडे अंदाजाचे नकोत. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो, तिथे पुढच्या अ‍ॅक्सलचं, मागच्या अ‍ॅक्सलचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून तारखेसह पावती मिळते. ट्रेलर तिथे कसा न्यायचा? ज्याच्याकडे पुरेसा ट्रक आहे अशा माणसाकडून ओढून न्या, आणि ट्रेलर सोडवून त्याचा ट्रक एकटाही काट्यावर घाला, म्हणजे पिनवरचं वजन कळेल. तुमचा ट्रक, घरची माणसं बसवून, वेगळा काट्यावर घाला. तिन्ही पावत्यांवरून हिशेब स्पष्ट होतो.

याच पत्राला दुसरं काम करू द्या. टेक्सासच्या ग्राहक कायद्याखाली, म्हणजे वकील ज्याला डीटीपीए म्हणतात त्याखाली, दावा लावण्याआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तक्रार नेमकी काय आणि नुकसान किती, हे दोन्ही त्यात आकड्यासह हवं. 'योग्य ती भरपाई' असं लिहून भागत नाही. या कायद्याची मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे इथे तुम्ही अजून वेळेत आहात, आणि तुमची खरी मदार मला याच कायद्यावर वाटते. मॅनेजर बरोबर बोलतो आहे, ट्रेलर सदोष नाही. चूक होतं ते तुमच्या ट्रकबद्दल केलेलं विधान. त्या साठ दिवसांत डीलर ट्रेलर पाहायला मागेल, तडजोडही पुढे करेल. दोन्ही वेळा उत्तर द्या, गप्प बसू नका.

याउलट बिल ऑफ सेलवर 'अ‍ॅज इज' (म्हणजे 'आहे त्या स्थितीत') लिहिलेलं दिसतंय, खाली तुमची सही आहे, आणि ते पान तुम्ही वाचलेलं नाही असं सांगता. त्या दोन शब्दांनी गर्भित हमी, म्हणजे न बोलताही कायद्याने मिळणारी हमी, बहुधा जाते. सेल्समनने उघड दिलेली हमी त्यानेच जात नाही, पण 'या कागदाबाहेरचं बोलणं धरू नये' असं कलम त्यात असेल तर तो टेक्स्ट किती टिकेल हे कागद पूर्ण वाचल्याशिवाय मी सांगणार नाही. १९९५ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टाने 'अ‍ॅज इज' कराराला बरंच वजन दिलं, फसवून सही घेतली असेल तर अपवाद ठेवला. तुमचं प्रकरण त्या अपवादात बसतं का, यावर दोन चांगले वकील दोन मतं देतील. लवादाचं कलम असेल तर कोर्टाचा रस्ताच बदलेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत पान दोन आणि चार नाहीत. ती शोधा.

हप्ते थांबवू नका. हप्ता चुकला तर क्रेडिट बिघडेल आणि ट्रेलर उचलून नेतील, मग परत करायला हातात काही उरणार नाही. ग्राहकाचे विक्रेत्याविरुद्धचे हक्क कर्ज ज्याच्याकडे आहे त्याच्यावरही चालतात, असा ठळक मजकूर कर्जाच्या करारात असतो, त्याचा उपयोग होऊ शकतो, पण तो वकिलामार्फत.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते. नाताळच्या सुट्टीत याच ट्रकने पुन्हा बिग बेंडला जायचं आहे, असं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय. जाऊ नका. परत करायचा म्हणता तो माल वापरत राहिलात, तर परत करण्याचा दावा कमकुवत होतो, हे झालं कायद्याचं. पण त्याहून मोठं असं की, गंभीर धोका माहीत असताना तो पत्करणं याला टेक्सासमध्ये घोर निष्काळजीपणा म्हणतात. मेपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि मला पाठवलेली ई-मेलच त्याचा पुरावा आहे. उतारावर ब्रेक पुरले नाहीत आणि समोरच्या गाडीतलं माणूस गेलं, तर विमा कंपनी काय करेल हे पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मागे मुलं बसलेली असतात, तेही विसरू नका.

मोठा ट्रक घेऊन प्रश्न मिटवायचा असेल तर तोही मार्ग आहे, पण डीलरशी लेखी तडजोड झाल्यावर, त्यात त्याचा वाटा घेऊन. तेव्हा लायसन्स तपासा. ट्रेलर १०,००० पौंडांच्या वरचा आणि ट्रक-ट्रेलर दोघांची मिळून मान्य वजनमर्यादा २६,००१ पौंड किंवा जास्त झाली, तर टेक्सासमध्ये साधं क्लास सी चालत नाही, क्लास ए लागतं. १४,००० पौंड मर्यादेचा वन-टन, म्हणजे जड वर्गातला, ट्रक घेतलात तर या ट्रेलरसह २५,००० होतात, म्हणजे तुम्ही मर्यादेत आहात. ट्रेलर थोडा मोठा घेतला की मर्यादा ओलांडली.

नुकसानीची रक्कम वीस हजार डॉलरच्या आत बसत असेल तर जस्टिस कोर्टात, म्हणजे लहान दाव्यांच्या कोर्टात, जाता येतं, तिथे काम तुलनेने लवकर होतं. वर गेली तर काउंटी किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट, आणि तिथल्या तारखांबद्दल मी कोणाला आशा दाखवत नाही. म्हणूनच तडजोडीचे ते साठ दिवस महत्त्वाचे, आणि ते तुमचं पत्र गेल्याशिवाय सुरू होत नाहीत. पोचपावती आली की तिची प्रत, तिन्ही वजनपावत्या आणि हरवलेली दोन पानं घेऊन जवळच्या वकिलाकडे जा.