स्ट्रीमिंग, सीडी आणि वडिलांच्या रेकॉर्ड्स, तिन्हीसाठी घरी हाय-फाय सिस्टीम लावायचीय. बजेट कशावर किती घालू?

तुम्ही ॲम्प, डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा भाग), स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारा डबा), टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेयर), केबल अशी टक्केवारी मागितलीय आणि शेवटी लिहिलंय, "स्पीकर कुठे ठेवायचे ते सगळं घेऊन झाल्यावर बघू". मी लिहायला बसलेय ती ह्या शेवटच्या वाक्यासाठी. नंतर नका बघू, आधी बघा. ह्याच "नंतर बघू"पायी मी माझ्या बाबांचे स्पीकर विकून बसले.

बाबांकडे जमिनीवर उभे राहणारे दोन मोठे थ्री-वे (खालचे, मधले आणि वरचे सूर वेगवेगळ्या पडद्यांतून वाजवणारे) स्पीकर होते, १२ इंची वूफर म्हणजे बेसचा पडदा, पुढे तपकिरी कापडाची जाळी. त्यांना आणि टर्नटेबलला हात लावायची परवानगी घरात फक्त मला होती. दादाला नव्हती, कारण त्याने एकदा सुई मोडली होती. रेकॉर्ड कडेला धरून कशी काढायची, सुईवर ब्रश फिरवायचा तो मागून पुढेच, उलटा कधीच नाही, टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, सुईवर येणारं वजन दीड ते दोन ग्रॅमच्या दरम्यान कसं बसवायचं, हे सगळं बाबांनी मला शिकवलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं त्यात "तुला ह्यातलं काय कळतं" हे मी माझ्याच घरात बरंच ऐकलं.

बाबा गेल्यावर सगळा सेट माझ्याकडे आला. माझी खोली ४ मीटर लांब. एका टोकाला दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. बहुतेक सगळे असंच लावतात कारण मधली जागा मोकळी राहते. आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की खालच्या पट्टीतला एक ठरावीक सूर आला की खोली घुमते. डग्ग्याची एखादी घुमक यायची आणि ती तिथेच लोंबकळत राहायची, पुढचे दोन बोल त्याखाली गडप. पण त्याच्या शेजारचा सूर मात्र स्वच्छ! मला हे तेव्हाच कळायला हवं होतं. स्पीकर खराब असेल तर सगळाच बेस ढिला येतो, एकच सूर निवडून घुमवणं हे खोलीचं काम असतं.

दादा आला, दहा मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, स्पीकर म्हातारे झालेत, काढून टाक. दादाची स्वतःची सिस्टीम माझ्या दसपट महाग, वाचन दांडगं, बोलतो पण ठासून. मी ऐकलं. स्पीकर न्यायला जो माणूस आला त्याने जाळी काढली, दोन्ही वूफरचे कोन बोटांनी हळूच दाबून पाहिले, कडेचं रबर तपासलं आणि म्हणाला, "खूप जपून वापरलेत हे". आणि घेऊन गेला. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मग नवीन बुकशेल्फ स्पीकर आले, त्याच कोपऱ्यांत, कपाटांवर. तोच सूर, तीच घुम. दादा म्हणाला, ॲम्पची पकड नाहीये. ॲम्प बदलला, दुप्पट वजनाचा आला. तीच घुम. मग म्हणाला केबल. बोटाएवढ्या जाड केबल आणल्या. तीच घुम!

शेवटी उलगडा झाला तो कुठल्याही बॉक्समुळे नाही. एका संध्याकाळी तीच रेकॉर्ड लावली होती, तो सूर लांबवर धरलेला, आणि मी फोन घ्यायला सोफ्यावरून उठले. दोन पावलं पुढे गेले आणि घुम गेली. पूर्ण गेली. परत मागे आले, आली. खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले तर तिथे परत भरून आली. फोन वाजायचा थांबला तरी मी अशीच मागेपुढे करत होते.

मग टेप घेतली आणि फोनवर एक टोन जनरेटरचं, म्हणजे हव्या त्या हर्ट्झचा एकच सूर वाजवणारं, ॲप टाकलं. हिशोब अगदी साधा आहे, तुम्हीही करा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. माझ्याकडे ३४३ भागिले ८, म्हणजे ४३ हर्ट्झ. ही त्या लांबीतली पहिली घुम, आणि तिच्या दुप्पट, ८६ ला दुसरी. मला छळणारा सूर बरोबर ८६ च्या आसपासचा होता. भिंतीला लागून ह्या दोन्ही सगळ्यात जोरात ऐकू येतात आणि मी नेमकी तिथेच बसत होते, वर स्पीकर कोपऱ्यात, म्हणजे घुमवायला सगळ्यात सोयीच्या जागी. दुसरी घुम खोलीच्या पाव लांबीवर जवळजवळ नाहीशी होते, ४ मीटरच्या खोलीत पाव म्हणजे भिंतीपासून १ मीटर, म्हणजेच माझी ती दोन पावलं. पहिलीसुद्धा तिथे थोडी उतरते.

सोफा मीटरभर पुढे ओढला. स्पीकर कपाटांवरून काढून स्टँडवर घेतले, मागच्या भिंतीपासून दोन वीत पुढे, बाजूच्या भिंतींपासून पण लांब, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) बसल्यावर कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि मी असा तिन्ही बाजू साधारण सारख्या असलेला त्रिकोण. त्या रात्री पहिल्यांदा मला डग्ग्याचे बोल एकेक सुटे ऐकू आले आणि मी रडले, कारण ह्यात बाबांच्या स्पीकरचा काहीच दोष नव्हता.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, ॲम्प बदललास म्हणून". जुना ॲम्प कपाटात होताच. पुढच्या रविवारी त्याला बोलावलं, वहिनीपण आली, तिला म्हटलं पडद्यामागे बसून ॲम्प बदलायचं काम तू कर. आधी टेस्ट टोन लावून मल्टीमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर दोन्ही ॲम्पचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत सारखे करून घेतले, हे अत्यंत महत्त्वाचं, कारण जो जरासा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, आणि दुकानातले बहुतेक "जमीन-अस्मानाचा फरक" तिथूनच येतात. १२ वेळा ओळखायचं होतं, दादाने ७ ओळखले. नाणं उडवलं तरी तेवढे येतात. केबलचा नंबर लागेपर्यंत तो चहाला उठला होता. आजही तो मान्य करत नाही, म्हणतो पडद्यामुळे ताण येतो. मला त्याच्याशी भांडण नकोय, मला फक्त तो निकाल मागे घेतलेला हवाय. "स्पीकर म्हातारे झालेत" हा.

तर तुमची टक्केवारी. निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवर आणि त्यांच्या स्टँडवर. पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट हे बहुतेक घरात असतंच, ते नीट जागी हलवा. हे वरचा भाग मऊ करतात, बेसच्या घुमीला मात्र काही करत नाहीत, तिथे जागाच बदलावी लागते. उरलेल्यात ॲम्प आणि टर्नटेबल, डॅक ॲम्पमध्येच असला तर वेगळा घेऊ नका, केबल तांब्याची, बऱ्यापैकी जाड, लागेल तेवढ्या लांबीची, विषय संपला.

ॲम्पच्या वॉटला भुलू नका. स्पीकरवर ८७ डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) लिहिलं असेल तर १ वॉटमध्ये १ मीटरवर तो तेवढा वाजतो, आणि ते घरात ऐकायला चांगलंच मोठं असतं. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात. ५० आणि १०० मध्ये एवढाच फरक.

टर्नटेबलचं मात्र नीट समजून घ्या, इथे लोक हमखास चुकतात. एमएम कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला तो छोटा भाग, एमएम हा त्याचा नेहमीचा प्रकार) ५ मिलिव्होल्टच्या आतबाहेर सिग्नल येतो, सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो, म्हणजे शेकडो पटींचा फरक. शिवाय रेकॉर्ड कापतानाच बेस कमी आणि वरचा भाग जास्त करून कापतात, म्हणजे खाच रुंद होत नाही आणि खरखर दबते, आणि वाजवताना फोनो स्टेज नावाचं सर्किट सिग्नल मोठा करतं आणि हे उलटं करून देतं. त्याचं प्रमाण ठरलेलं आहे, आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं), १९५४ पासून. त्यामुळे फोनो स्टेजशिवाय टर्नटेबल थेट ऑक्सला, म्हणजे ॲम्पच्या साध्या इनपुटला, जोडलंत तर पातळ, किरकिरा, बारीक आवाज येणार आणि तुम्ही रेकॉर्डला नावं ठेवणार. ॲम्पला फोनो इनपुट असेल तर टर्नटेबलमधला फोनो स्टेज बंद करा, दोन्ही चालू ठेवले तर आवाज फाटतो. गुणगुण येत असेल तर आधी ग्राउंडची बारीक वायर ॲम्पच्या स्क्रूला लावलीय का बघा. आणि टर्नटेबल स्पीकरच्या कपाटावर ठेवू नका, स्पीकरची थरथर सुईत जाते आणि परत स्पीकरमधून येते.

वडिलांच्या रेकॉर्ड्स म्हणताय तर त्यात लाखेच्या ७८ च्या आहेत का बघून घ्या. त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते, एलपीची (नेहमीच्या ३३ वेगाच्या मोठ्या रेकॉर्डची) सुई लावून वाजवू नका. बऱ्याच नवीन टर्नटेबलला ७८ चा वेगच नसतो, घेण्याआधी तपासा. जुनं टर्नटेबल वापरणार असाल तर सुई आणि बेल्ट आधी नवीन घाला, मग काय ते मत बनवा.

स्ट्रीमिंग हा ह्यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच होते. वायफाय किंवा लॅन केबलवर चालणारा कुठलाही धड स्ट्रीमर, ऑप्टिकल किंवा कोॲक्स ह्या डिजिटल केबलने ॲम्पला, सर्व्हिस लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळता पाठवणारी) निवडा, स्ट्रीमरचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून आवाज ॲम्पवरून कमीजास्त करा. ब्लूटूथ पाहुण्यांसाठी. १९२ किलोहर्ट्झच्या मागे लागू नका, सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट माणसाच्या कानाला पुरतं. रेकॉर्डमध्ये "जास्त माहिती" असते हेही खोटं, सीडीची रेंज ९६ डीबी आणि एलपी त्याच्या बरीच खाली. जुनी रेकॉर्ड कधीकधी जास्त चांगली वाजते ती मास्टरिंगमुळे, म्हणजे छापण्याआधी आवाज शेवटचा जमवतात त्यामुळे, नंतरच्या रीमास्टरमध्ये सगळं दाबून मोठं केलेलं असतं आणि गाण्यातला चढउतारच गेलेला असतो. आणि स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा तोच रीमास्टर तेवढा मिळतो, जुनी प्रत सापडत नाही. म्हणून सीडी देऊन टाकू नका. फ्लॅक ह्या लॉसलेस फाइल प्रकारात रिप करा, म्हणजे काँप्युटरवर उतरवा, साधारण निम्म्या जागेत बसते आणि एक बिटही जात नाही, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि मूळ सीडी पण ठेवा.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सगळ्यांना सोफा मीटरभर पुढे घेता येत नाही, हे मला माहितीय. जमेल तेवढा सरकवा, थोडाफार फरक तरी पडू शकतो. ॲम्प किंवा स्ट्रीमरमध्ये इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमीजास्त करायची सोय) असेल तर घुमणारा सूर तेवढा खाली दाबता येतो, पण ज्या जागी सूर गायबच होतो तिथे तो वाढवून काही होत नाही, नुसता ॲम्प दमतो. ॲम्पमध्ये खरा फरक पडतो तो स्पीकर ४ ओहमचे वगैरे, म्हणजे ॲम्पकडून जास्त करंट मागणारे, अवघड असतील तेव्हा, मग मात्र जरा ताकदीचा घ्या. आणि जुने स्पीकर खराब होतातच, फोमची कड असेल तर काही वर्षांत भुगा होते, बोट लावलं की कळतं. पण ती कड नवीन बसवून मिळते. विकण्याआधी हे विचारा. बाबांच्या स्पीकरला तर रबर होतं, अखंड.

काहीही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ द्या. बऱ्यापैकी बेस देणारा, आहे तो स्पीकर कोपऱ्यात ठेवा, ४० ते १०० हर्ट्झ टोन हळूहळू फिरवा आणि खोलीभर चाला. कुठे फुगतो, कुठे मरतो ते खडूने जमिनीवर लिहून ठेवा. तुमच्या प्रश्नात खोलीचं मापच नाहीये. लांबी, रुंदी, उंची आणि बसल्यावर डोकं मागच्या भिंतीपासून किती लांब येतं एवढं कळवा, सोफा कुठे यायला हवा ते मी सांगते.