आधी बिनकामाचं जा

चि. बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'लहान देशांनी एका जागेसाठी दारोदार मतं मागायची, ही भीकच वाटते, प्रबंधाचा विषय बदलू का?' बदलू नकोस. आणि 'भीक' हा शब्द आधी खोड.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९३ सदस्य. चीनला एक मत, तुवालूलाही एकच. सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी दोन तृतीयांश मतं लागतात, आणि मतदान गुप्त. तोंडावर 'हो' म्हणणारा आत काय करतो ते कळत नाही. आपल्याकडच्या पतसंस्थांत वेगळं काय असतं?

तू लिहितेस, भूतान लहान म्हणून हरला. २०१२ मध्ये पहिल्या फेरीत त्याला २० मतं, कंबोडियाला ६२, दक्षिण कोरियाला ११६. बरं, मग सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्सचं काय? लाखभर वस्तीचा देश, आपल्या सोलापुरात आठ वेळा मावेल. २०१९ ला त्याला १८५ मतं पडली. ऐनवेळी उतरलेल्या एल साल्व्हादोरला ६. आणि आकारावर जागा मिळत असती, तर १९९६ मध्ये जपानसमोर आपल्या भारताला ४० मतं कशी पडली असती?

भूतानला मी नावं ठेवत नाही. पाच स्थायी सदस्यांपैकी एकाशीही त्याचे राजनैतिक संबंध नाहीत, त्याला त्याची कारणं आहेत. पण पुष्कळ देशांशी त्याने संबंध जोडले ते निवडणूक जवळ आल्यावर. मालदीवने अब्दुल्ला शाहिद यांची आमसभेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी २०१८ मध्येच जाहीर केली होती. अफगाणिस्तानचे झल्मय रसूल उतरले २०२१ उजाडल्यावर. निकाल १४३ विरुद्ध ४८. आधी जावं लागतं गं. बिनकामाचं जावं लागतं.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. एका पतसंस्थेच्या संचालकपदाला उभा होतो. बरेचसे सभासद पूर्व भागातले, यंत्रमागावरचे, घरी तेलुगू बोलणारे. वीस वर्षं त्याच शहरात राहून त्यांच्यातल्या एकाच्याही लग्नाला गेलो नव्हतो. प्रचाराला गेलो तर एका म्हाताऱ्याने बसवलं, चहा दिला आणि हसत विचारलं, "सर, रस्ता सापडला का?"

अकरा मतांनी पडलो. पैसे वाटले नाहीत म्हणून पडलो, असं पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिलो. वाटले नव्हते, हे खरंच आहे. पण अकरा मतं म्हणजे दोन घरं. दिवाळीला नुसतं डोकावलो असतो तरी पुरलं असतं. बिनकामाचं!

तेव्हा आता रडगाणं बंद कर. भूतानने कोणत्या देशाशी कोणत्या साली संबंध जोडले याची तारीखवार यादी कर, त्याखाली निवडणुकीची तारीख लिही आणि मधलं अंतर मोज. तेच तुझं तिसरं प्रकरण. यादी झाल्याशिवाय मला फोन करू नकोस. नुसतं भेटायला मात्र कधीही ये, कडक भाकरी आणि शेंगा चटणी घरात असतेच.

आणि हो, मला तेलुगू येत नव्हतं, ही खरी अडचण होती. निवडून आलेल्यालाही येत नव्हतं, ते सोड.

तुझा,
सर