१८३५ चा पाव आणा, दुहेरी अक्षरं आणि माझे वाया गेलेले सात महिने

साताऱ्याच्या वाड्यातला आजीचा डबा, त्यात कंपनीचा १८३५ चा पाव आणा, 'ईस्ट इंडिया कंपनी' ही अक्षरं दुहेरी, आणि कुणीतरी सांगितलेलं 'डबल डाय आहे (म्हणजे नाणं पाडायच्या ठशातच अक्षरं दुहेरी कोरली गेली आहेत), सर्टिफिकेट काढा'. तुमची पोस्ट वाचताना मला माझंच नाणं दिसत होतं. सर्टिफिकेटसाठी पाठवावं का, हे तुम्ही निदान आधी विचारताय. मी थेट पाठवून मोकळा झालो होतो.

नाणी तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या त्या संस्थेचं नाव घेत नाही. फी, कुरिअर, विमा धरून नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. दोन महिने म्हणाले, सात लागले. फोन केला की 'सर, प्रोसेसमध्ये आहे'. शेवटी नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन आलं, वर साल आणि दर्जा. दुहेरीपणाबद्दल चकार शब्द नाही! विचारलं तर म्हणे, त्याचा रकाना वेगळा, फी वेगळी, तुम्ही भरली नव्हती, पुन्हा पाठवा. मी डबी फोडली.

मग सांगलीच्या एका मित्राने जे दाखवलं त्याला दहा मिनिटं लागली. खोलीतली ट्यूब बंद, एकच दिवा बाजूने तिरपा, दहापट भिंग, आणि नाणं हळूहळू फिरवायचं. माझ्या नाण्यावरची दुसरी रेघ सपाट, खाली दबलेली, पायरीसारखी होती आणि मूळ अक्षर तेवढंच बारीक झालं होतं. म्हणजे छाप मारताना ठसा सैल होऊन सरकला, इतकंच. त्याला जास्तीचे पैसे कुणी देत नाही. दोष ठशातच असेल तर अक्षर उलट जाड होतं, दुसरी रेघही गोलसर उठलेली असते, टोकांना खाच दिसते, आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर अगदी तीच खूण सापडते. म्हणून जोडीला दुसरं नाणं शोधा. झिजलेल्या ठशानेही अक्षरांच्या कडा पसरट दिसतात, त्यालाही भुलू नका.

तुमच्या डब्यातल्या दोन शिवराई नाण्यांचं (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) म्हणाल तर त्यात 'एरर' शोधूच नका. हातोड्याने पाडलेली नाणी ती, ठसा चकतीपेक्षा मोठा. 'श्री राजा शिव' मधलं अर्धं अक्षर बाहेर जाणं, छाप दोनदा बसणं हे तिथं रोजचंच. 'दुर्मीळ चूक' म्हणून त्या विकणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

मी काही तज्ज्ञ नाही, फोटोवरून छातीठोक सांगणारही नाही. पण चिंच, पितांबरी काही लावू नका, अक्षरं उठून दिसावीत म्हणून तर मुळीच नाही. आणि 'जुनं नाणं लाखाला घेतो, आधी कमिशन भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असले फोन येतात, बँकेने २०२१ मध्ये तसं जाहीर बजावलंय.

तिरप्या उजेडातला 'कंपनी' शब्दाचा जवळून फोटो टाका. आत्ताचा फ्लॅशचा आहे, त्यात सगळंच दुहेरी दिसतं.