माळावरच्या घरट्यांविषयी

सातारा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

या उन्हाळ्यात खटाव-माणच्या माळरानावर टिटवीच्या विणीचे छायाचित्रण करण्याचा तुझा विचार कळला आणि आनंद झाला. मात्र तिकडे जाण्याआधी काही गोष्टी समजून घे. टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा. त्यात साधारणपणे ४ मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी असतात आणि ती भोवतीच्या खड्यांत इतकी मिसळून जातात की पायाखाली आली तरी कळत नाहीत. म्हणून आधी लांब बसून पक्षी कोठून उठतो व कोठे परततो, हे दुर्बिणीने पाहावे. त्या माळावर रोज मेंढरे चारणाऱ्यांना विचारावे. घरटी कोठे आहेत, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी ठाऊक असते.

खरी काळजी उन्हाची आहे. भर दुपारी टिटवी अंड्यांवर उभी असते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. कधी ती पाणवठ्यावर पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. आपल्या भीतीने ती दूर राहिली, तर उघडी पडलेली अंडी तापून आतला जीव दगावू शकतो. म्हणून सकाळी लवकर जावे आणि ऊन चढण्याआधी तेथून निघावे, याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही.

पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला किंवा पंख मोडल्याचे सोंग करू लागला, तर कॅमेरा खाली घेऊन आल्या वाटेने मागे फिरावे. अनेक जण नेमक्या याच क्षणाला उत्तम संधी मानतात, याचे मला फार वाईट वाटते. चंडोलाचे घरटे नीट दिसावे म्हणून भोवतीचे गवतही उपटू नये, कारण पिलांची सावली आणि आडोसा तेवढाच असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेदेखील शिकारीच्या व्याख्येत येते, हेही ध्यानात असू दे.

छायाचित्र कोणाला पाठवताना जागेचे नाव लिहू नकोस आणि मोबाइलमधील स्थाननोंद बंद ठेव. पहिल्या फेरीत फक्त वही ने. पक्षी किती वाजता उठला व किती वेळाने परतला, एवढेच लिहून मला पाठव. पुढे कोणती लेन्स आणि किती अंतर, हे त्या नोंदी पाहून ठरवू.