रेंडर रात्री लागतो, हप्ता पाच तारखेला

सेलूहून (जि. परभणी) एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते असं:

"सर, माझं वय 31. सेलूत लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम आहे, मिक्सिंग (व्हिडिओचं एडिटिंग) स्वतःच करतो. मागच्या सीझनला 26 ऑर्डरी झाल्या, सरासरी 38,000 ची एक. दुसरा कॅमेरामन, ड्रोनवाला, अल्बम, पेट्रोल जाऊन वर्षाला 4 लाख 20 हजारांच्या आसपास उरतात. घरखर्च महिना 22,000. दीड लाखाची एफडी आहे. सव्वा लाखाची उधारी यायची आहे. वडिलांची चार एकर आहे, यंदाचं सोयाबीन पाण्यात गेलं. लॅपटॉप 2019 चा, नाइन्थ जनरेशन आय-सेव्हन, 16 जीबी रॅम. नव्या कॅमेऱ्याचं फोरके फुटेज टाकलं की टाइमलाइन अडकते. एक लॅपटॉप बघून ठेवलाय. तो 1,89,900 ला आहे, पण 64 जीबी रॅम, 4 टीबी एसएसडी आणि वरचं ग्राफिक्स घेतलं की 2,74,900 होतात. मावसभावाच्या क्रेडिट कार्डावर 18 महिने नो-कॉस्ट ईएमआय बसतो. तो पुण्यात असतो. म्हणतो, एकदाच टॉपचा घे, दहा वर्षं बघायचं काम नाही, टॅक्सपण वाचतो. घेऊ का?"

नमस्कार.

घेऊ नका. 2,74,900 चा तर नकोच, आणि 1,89,900 चासुद्धा यंदा नको.

पौषात मुहूर्त नसतात, हाताला काम नसतं आणि मोबाइल मात्र असतो. तुमच्या धंद्यातल्या माणसांना मशीन बदलायचे विचार हमखास याच महिन्यात सुचतात. तुम्हाला दोष देत नाही. 2021 मध्ये मी स्वतः दीड लाखाचा लॅपटॉप घेतला होता. आजपर्यंत त्यावर एक्सेल आणि पीडीएफ यांच्यापलीकडे काही उघडलेलं नाही. घेताना कारण काय दिलं होतं, तर "क्लायंटसमोर बरं दिसतं".

आधी तुमचेच आकडे. 4,20,000 मधून घरखर्चाचे 2,64,000 गेले की राहतात 1,56,000. हप्ता बसतो 15,272, म्हणजे वर्षाचे 1,83,264. चांगल्या सीझनमध्येही तुमच्या वर्षभराच्या शिलकीपेक्षा हप्ते 27,000 नी जास्त आहेत. खरं तर पत्र इथेच मिटायला हवं होतं.

पण यंदाचा सीझन मागच्यासारखा नाही. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. अधिकात घरोघरी धोंड्याचं जेवण असतं, जावई येतात, वऱ्हाड येत नाही. म्हणजे ऐन उन्हाळ्यातला महिना गेला. आषाढी 25 जुलैला, तिथून चातुर्मास, तुळशीची लग्नं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. चार महिने घरखर्च 22,000 आणि हप्ता 15,272, बेरीज 37,272. चारने गुणा: 1,49,088. तुमची दीड लाखाची एफडी या एका चातुर्मासात साफ, आणि लॅपटॉपचे हप्ते तरीही बाकी.

वर सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आपल्याकडे सोयाबीन गेलं ते फक्त तुमच्या वडिलांचं नाही. तुमची गिऱ्हाइकंही तीच शेतकरी घरं. लग्न पुढे ढकलणारे ढकलतील, आणि जे करतील ते जेवणावळ कापणार नाहीत, सिनेमॅटिक (सिनेमासारखी फिल्म) कापतील. "नुसतं ट्रॅडिशनल करा दादा, ड्रोन राहू द्या," हे वाक्य या उन्हाळ्यात तुम्हाला बऱ्याचदा ऐकायला मिळेल असं मला वाटतं. 26 ऑर्डरी आणि 38,000 ची सरासरी हे दोन्ही आकडे धरून चालू नका.

आता नो-कॉस्टचं. बँक व्याज सोडत नाही. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते आणि बँक नंतर तेच व्याज हप्त्यात घेते. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. शिवाय क्रेडिट कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो त्या सवलतीत धरलेला नसतो. 16 टक्के दर धरला तर तुमच्या 18 हप्त्यांत व्याज साधारण 32,000 आणि त्यावरचा जीएसटी पावणेसहा हजार. प्रोसेसिंग फी वेगळी. आणि रोख घेतलं असतं तर दुकानदाराने जे दोन-चार हजार सोडले असते, तेही गेले.

त्याहून मोठी गोष्ट कार्ड कोणाचं आहे ही. ऑगस्टमध्ये तुमचा हप्ता चुकला तर सिबिल मावसभावाचा बिघडणार. तो पुण्यात उद्या घराचं कर्ज काढायला गेला आणि तिथे हे निघालं, तर मावशीच्या घरी दिवाळीला कोणत्या तोंडाने जाल? मशीनच्या किमतीत ही रक्कम कुठेच छापलेली नसते.

"टॅक्स वाचतो" हे नोकरदार भावाचं ऐकीव ज्ञान. व्यवसायात कॉम्प्युटरवर वर्षाला 40 टक्के घसारा, म्हणजे झिजेची वजावट, मिळतो हे खरं, आणि वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा, हेही खरं. पण 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. तुमचं उत्पन्न सव्वाचार लाखांच्या आत. जो कर लागतच नाही तो वाचवायचा कसा? शिवाय तुम्ही उलाढालीच्या टक्केवारीवर नफा दाखवून रिटर्न भरत असाल, जसं तुमच्यासारखे बहुतेक जण भरतात, तर घसारा त्यात आधीच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. राहिला जीएसटी. उलाढाल दहा लाखांच्या आत, म्हणजे सेवेच्या 20 लाखांच्या मर्यादेखाली. नोंदणी नसेल तर भरलेला जीएसटी वळता करून घ्यायचं क्रेडिटही नाही. 2,74,900 मध्ये जीएसटीचे जवळपास 42,000 आहेत, ते सरळ तुमच्या खिशातून.

हा झाला पैशांचा भाग. पण लॅपटॉप बघितल्याशिवाय या पत्राला उत्तर देणं बरोबर नव्हतं, म्हणून एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडे जाऊन अर्धा दिवस बसलो. त्याचंही मशीन तुमच्या मशीनच्याच वयाचं. खाली चार बाटल्यांची झाकणं लावून उंच केलेलं, शेजारी टेबल फॅन थेट लॅपटॉपवर, माणसावर नाही. एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या कॅमेऱ्याचं फुटेज टाकलं, पळालं. नव्या कॅमेऱ्याची हळद टाकली आणि नवरीचा हात कपाळाजवळ जाऊन तिथेच थांबला. तुमची तक्रार हुबेहूब हीच.

अडचण रॅमची नव्हती. त्याचा नवा कॅमेरा 10 बिट, 4:2:2 मध्ये रेकॉर्ड करत होता, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवत होता. हे फुटेज एच.265 या फाइल दाबून लहान करायच्या पद्धतीत असलं की ते उलगडायला चिपमध्ये खास सोय लागते. इंटेलमध्ये ती नाइन्थ जनरेशननंतर आली, ॲपलच्या स्वतःच्या चिपमध्ये एमवनपासून आहे, आणि एनव्हिडियाच्या कार्डात तर आरटीएक्स 50 मालिकेपर्यंत, म्हणजे 2025 पर्यंत, नव्हतीच. नाइन्थ जनरेशनचं मशीन हे फुटेज नुसत्या बळावर ओढतं आणि दमतं. तेच फुटेज 4:2:0 मध्ये, म्हणजे रंगांची माहिती कमी ठेवून, असेल तर नाइन्थ जनरेशनला त्याची सोय आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत ही एक ओळ बदलायची असते. ट्रॅडिशनलला, पेनड्राइव्हवर घरच्या टीव्हीत बघायच्या फिल्मला, 4:2:2 चा उपयोग काय? रंगांशी फार खेळायचं असेल त्या सिनेमॅटिकपुरतं ठेवा, आणि तिथे प्रॉक्सी बनवा: रात्री हलक्या फाइली करायला लावायच्या, सकाळी त्यावर कट मारायचे, शेवटी मूळ फुटेज जोडायचं. याचा खर्च शून्य.

आणि रेंडर, म्हणजे जुळवलेली फिल्म एका फाइलीत काढणं. जुन्या मशीनला अडीच तासांच्या फिल्मला तीन-चार तास लागत असतील, नव्याला तासाच्या आत होईल, मान्य. पण रेंडर तुम्ही लावता कधी? जेवण झाल्यावर. मशीन दोन वाजता मोकळं झालं काय आणि अकरा वाजता झालं काय, तुम्ही सहालाच उठणार. झोपेत वाचलेल्या तासांचे पैसे कोणतंच गिऱ्हाईक देत नाही. वाचलेला तास दिवसाचा हवा, आणि त्या तासात लावायला दुसरं काम हातात हवं. मशीन हळू म्हणून एखादी ऑर्डर परत केली, असं तुमच्या पत्रात कुठेही नाही.

वरच्या कॉन्फिगरेशनचे जे 85,000 जादा आहेत, त्यांच्याकडे एकदा नीट बघा. 4 टीबी कशाला? 100 एमबीपीएसने एका तासाचं फुटेज 45 जीबी होतं. दोन कॅमेरे, पाच-पाच तास, एक लग्न 450 जीबी. 26 लग्नं म्हणजे पावणेबारा टीबी. 4 टीबीत नऊ लग्नंही मावत नाहीत. बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी लागणारच आहे, मग आतल्या महागड्या जागेचे पैसे का द्यायचे? 64 जीबी रॅम दोन-तीन ट्रॅकच्या लग्नाच्या फिल्मला लागत नाही, 32 पुरते. आणि ग्राफिक्स कार्डाच्या नावावर जाऊ नका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स 5090 ला 575 वॅट लागतात, त्याच नावाच्या लॅपटॉपच्या कार्डाला जास्तीत जास्त 175 मिळतात. नाव एक, बैल वेगळे. त्यात परभणीचा मे महिना. खोलीतच 40 च्या वर पारा असताना चिप तापते आणि स्वतःहून वेग कमी करते. टॉपच्या मशीनचा जो शेवटचा वेग तुम्ही सर्वांत महाग घेतलेला असतो, तोच सर्वांत आधी जातो.

मावसभाऊ मॅकचं म्हणत असेल तर तेही सांगतो. मार्च 2025 मध्ये एमफोरचा मॅकबुक एअर 99,900 ला आला. त्यात तेव्हा रॅमची एक पायरी चढायची तर 20,000 होते, स्टोरेजची एक पायरी आणखी 20,000. तिथे रॅम नंतर टाकता येत नाही, म्हणून घेताना पैसे द्यायचेच असतील तर रॅमला द्या, स्टोरेजला नको. पण एडियस मॅकवर चालत नाही. तुमचे सगळे गाण्यांचे प्रोजेक्ट, इफेक्ट, बोटांना लागलेले शॉर्टकट, सगळं नव्याने. सीझनच्या तोंडावर हा उद्योग कोणी सांगितलाय?

मग करायचं काय? कॅमेऱ्याची सेटिंग आजच. त्यानंतरही अडलं तर आहे त्याच लॅपटॉपमध्ये एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि आणखी 16 जीबी रॅम. 2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव चढलेत, म्हणून दोन-तीन ठिकाणी कोटेशन घ्या आणि दोन्ही मिळून 25,000 च्या वर जाऊ नका. रॅमने पंचवीस हजार गाठले तर ती सोडा, नुसती एसएसडी टाका. विंडोज 11 तुमच्या मशीनवर चालतं, त्यामुळे ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला म्हणून नवा घ्यावा लागेल, हे दुकानदाराने सांगितलं तर मनावर घेऊ नका. दुसरी एक हार्ड डिस्क मात्र घ्या, बॅकअपसाठी, आणि ती स्टुडिओत नाही, घरी ठेवा.

हे 25,000 एफडीतून काढायचे नाहीत, उधारीतून. सव्वा लाख उधारी म्हणजे तुमची सव्वातीन लग्नं फुकट झाली. मला कळतं हे कसं होतं: लग्न झालं, अल्बमचे फोटो निवडायला पोरीकडच्यांना सहा महिने लागतात, तोवर बाकी कोण मागणार, सगळी ओळखीची. पुढच्या बुकिंगपासून तीन टप्पे सांगा. बुकिंगला 30 टक्के, हळदीच्या दिवशी 50, पेनड्राइव्ह हातात देताना 20. अल्बमला पैशांशी जोडूच नका. हळदीच्या दिवशी नवरीचा बाप पैशांना नाही म्हणत नाही, दोन महिन्यांनी तोच माणूस फोन उचलत नाही.

एक बारीक गोष्ट. रात्री एक-दीडला मोटारसायकलवर कॅमेरा घेऊन परतता ना? बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू आहे का बघा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. लॅपटॉपच्या एका हप्त्याइतक्या पैशात तुमच्या वयाला कितीचं कव्हर मिळतं, ते एकदा विचारून घ्या.

नवं मशीन कधीच नको असं माझं म्हणणं नाही. उधारी निम्म्याच्या खाली आली, चातुर्मासाचे 88,000 वेगळे काढून झाले आणि निम्मी रक्कम रोख हातात असेल, तर डिसेंबरमध्ये बघू. तेव्हाही मी लॅपटॉपआधी डेस्कटॉप विचारीन. मिक्सिंग तुम्ही स्टुडिओतच बसून करता, मांडवात नाही. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त पळतो, कमी तापतो, आणि बिघडला तर एक पार्ट बदलून चालू होतो. दुसऱ्या स्टुडिओंचं मिक्सिंग बाहेरून घ्यायला लागलात, रोज एक प्रोजेक्ट द्यावा लागतो अशी वेळ आली, तर दिवसाच्या तासाला किंमत येईल. मग हा सगळा हिशेब मीच उलटा करून देईन.

तोवर एखादी जुनी हळद नको, पुतण्याला उभा करून दोन मिनिटं 4:2:0 मध्ये शूट करा, टाइमलाइनवर टाका आणि काय होतं ते कळवा. सोबत उधारीची यादीही पाठवा, नावं नकोत, नुसते महिने आणि रकमा.